बैलघळीचा गोल अर्ज

माझा नवरा भित्रा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण बैलघळीत अजूनही कुणी ना कुणी मला ते ऐकवायला येतं, जसं काही मला ठाऊकच नाही. मला ठाऊक नसायला काय झालं? मी त्याच्या शेजारी झोपत होते. झोपेत तो दात खायचा, आणि बाहेर घोडं नुसतं फुरफुरलं तरी ताडकन उठून बसायचा. लोक त्याला वोंबट म्हणायचे. वोंबट हे इकडचं जनावर, ते जसं चाहूल लागली की बिळात घुसतं, तसा हा शिपाई आले की आपल्या सोनं खणायच्या खड्ड्यात उतरायचा. खिशात परवाना असायचा, शिक्क्याचा, पैसे भरलेला, तरी उतरायचा. वर येईपर्यंत अंगभर चिखल आणि घाम.

आता घळीत बँक झाली, दगडी चर्च झालं. परवा एक नवा पाद्री आला होता. म्हणाला, "मावशी, गोल अर्जाच्या वेळी तुम्ही इथंच होतात ना? ट्रेंबाथकाका फार शूर होते म्हणे!" होते बाबा. त्यांच्याबद्दल मी वावगं अक्षर बोलणार नाही. पण मग तो हसला आणि म्हणाला, "आणि कुणी एक वोंबट होता, त्यानं भीतीपायी स्वतःलाच पकडून दिलं, खरं का?" मी म्हटलं, बस. चहा घे. आणि आता मी बोलून होईपर्यंत तोंड उघडू नकोस.

मी कॉर्नवॉलची. बापाचा जन्म कथलाच्या खाणीत गेला. मी मोलकरीण म्हणून बोटीनं इकडे मेलबर्नला आले, मालकिणीशी भांडले आणि धुणं धुवून पोट भरायला या सोन्याच्या खाणीवर पोचले. माझ्या या नवऱ्याचा तंबू पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, या माणसाच्या घरात बाई आहे. शिवण इतकी बारीक आणि सरळ. बाई कुठली? तोच तळहाताला चामड्याची पट्टी बांधून, जाड सुईनं शिवत बसलेला. नाव सांगितलं जेकब हेल. थोड्याच दिवसांत मी त्याला म्हटलं, "तू जेकब नाहीस."

"कशावरून?"

"जेकब म्हणून हाक मारली की तू दुसऱ्या हाकेला वळतोस."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, आता हा तंबू टाकून पळतो. पळाला नाही, पण खरं सांगायला त्याला लग्नाचा आदला दिवस उजाडावा लागला. ॲब्सलम किट्टो. राणीच्या आरमाराचं पेलोरिन नावाचं जहाज, त्यावर शिडं शिवणाऱ्याच्या हाताखाली. तिथं एका खलाशाला सगळ्यांना रांगेत उभं करून चाबकानं फोडला होता. तो काही दिवसांनी मेला. मेलेल्याला त्याच्याच झोळीत शिवून समुद्रात सोडायचं काम शिडंवाल्याचं, आणि ते याच्या वाट्याला आलं. त्यानं ती पाठ पाहिली. जहाज जिलाँगच्या बंदरात लागलं तसा हा पाणी भरायला म्हणून उतरला तो परत गेलाच नाही.

"सापडलो तर ती पाठ माझी, टॅमसिन," तो म्हणाला. "मरणाचं मला एवढं नाही गं. त्या आवाजाचं भय वाटतं."

मी म्हटलं, "मग सापडू नकोस." दुसरं काय म्हणणार? आणि लग्न केलं. ट्रेंबाथकाकांनीच लावलं. काका आमच्याकडचे, खाणीत हयात गेलेली, रविवारी प्रार्थना सांगायचे. छातीत खाणीची धूळ बसलेली, बोलता बोलता खोकला आला की रुमालात लाल डाग. पण आवाज असा, की घळीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावा.

आता अर्जाचं. सोनं खणायच्या परवान्याचे महिन्याला तीस शिलिंग. सोनं लागो, नाही तर नुसता चिखल. आणि तो कागद अंगावर हवा. तंबूत असला तर चालत नाही, बायकोजवळ असला तर चालत नाही. नसला तर हातात बेड्या, आणि दंड भरेपर्यंत सरकारी छावणीतल्या ओंडक्याला साखळदंडानं बांधून ठेवायचे. वर ना छप्पर, ना सावली. शिपायांना याची चटकच लागली होती. कुणीतरी टेकाडावरून "जो! जो!" ओरडायचा, म्हणजे शिपाई आले, आणि सगळी घळ पळत सुटायची.

आम्ही सरकारकडे रीतसर अर्ज केला होता, तोही अदबीनं. फी कमी करा, आणि निदान माणसाची जनावरासारखी शिकार करू नका. पहिली सही फर्खर नावाच्या स्कॉटिश मास्तरांची होती, अक्षर सुंदर म्हणून. अर्ज कमिशनरसाहेबांकडे गेला आणि त्यावर एका शब्दाचं उत्तर आलं नाही. उत्तराऐवजी शिपाई आले. बाकी कुणाला विचारलं नाही, थेट मास्तरांच्या खड्ड्यावर. मास्तर शेजारच्या ओढ्यात आंघोळ करत होते, परवाना काठावरच्या कपड्यात. ओल्या अंगानं नेलं त्यांना. पुन्हा परवानाच दिला नाही, मग मास्तरांनी बिस्तरा गुंडाळला. दुसऱ्या अर्जाचंही तेच. पहिली सही ज्याची, पहिली धाड त्याच्यावर. भीक नको पण कुत्रं आवर, अशी आमची गत झाली.

तरी काकांनी तिसरा अर्ज लिहिला. रविवारी प्रार्थना झाल्यावर तो लाकडी खोक्यावर ठेवला, शेजारी दौत ठेवली आणि म्हणाले, "या." चारशे माणसं उभी होती. एकाचा पाय हलेना.

माझी शेजारीण ऑनोरा क्विर्क, आयरिश विधवा, छावणीत पाव विकायची. तिची जीभ तलवारीची. ती म्हणाली, "काय रे बाप्यांनो? सोन्यासाठी एकमेकांच्या टाळक्यावर पाय देऊन धावता, आणि आता दौत चावते का?"

"तूच कर की मग सही," मागून कुणीतरी म्हणालं.

"परवाना तुमच्या नावाचा, खड्डा तुमचा, आणि सही मी करू? मग मिशाही मलाच द्या."

लोक हसले, पण पुढं कुणी आलं नाही. काका म्हणाले, "पहिली मी करतो. मला असाही किती काळ उरलाय?" तेव्हा मात्र गलका झाला. नाही काका, तुम्ही नाही. ओंडक्यावर एक रात्र काढलीत तर सकाळी उठणार नाही तुम्ही. आणि या गलक्यात माझ्या बाजूनं एक बारीक आवाज आला.

"गोल करा."

मी वळून बघते, तर आमचा वोंबट! भर सभेत जन्मात तोंड उघडलं नव्हतं त्यानं.

"काय म्हणालास, जेकब?" काकांनी विचारलं.

"नावं गोलात लिहा. जहाजावर कप्तानाकडे गाऱ्हाणं न्यायचं असलं की... म्हणजे, असं करतात म्हणे जहाजावर. मजकूर मध्ये, नावं भोवती. कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही. कप्तान धरणार कुणाला?"

ते "म्हणे" त्यानं मागाहून जोडलं. मी त्याची बाही ओढली. पण लोकांचे चेहरे असे उजळले, की काय सांगू! ऑनोराच्या टोपलीतली पत्र्याची ताटली घेतली, कागदावर ठेवली आणि यानं पेन्सिलीनं गोल ओढला, हात जरासाही न कापता. त्या कामात त्याचा हात कधी कापत नसे. काकांनी गोलाच्या आत मजकूर उतरवून काढला, बाहेर आपलं नाव लिहिलं, आणि मग झुंबड उडाली. गाडीच्या चाकाला आरे असतात तशी नावं बसत गेली. यानं स्वतःचं लिहिलं नाही, खोटंही नाही. मीही आग्रह केला नाही.

अर्ज छावणीत गेला, आणि त्याच आठवड्यात काकांना तापानं धरलं. खोकल्यातून रक्त. ऑनोरानं त्यांना आपल्या तंबूत आणून निजवलं.

मग एका सकाळी ऑनोरा छावणीतून पाव विकून आली ती रिकामी टोपली आपटतच. मी राखेतली भाकरी काढत होते, हा दाराशी गाळायची चाळण दुरुस्त करत होता.

"टॅमसिन, अगं ऐक. कारकून म्हणे तो कागद नुसता गरगर फिरवत होता, सुरुवात कुठं ते शोधत. मला हसू आवरेना. मग साहेब आला. त्यानं एकदाच बघितलं आणि म्हणाला, हा अर्ज नाही, हे बंड आहे. बंड करणारे खलाशी असा गोल काढतात. या घळीत पळालेला खलाशी आहे, तो शोधा, तो धरला की यांचं डोकं कोण ते तोच सांगेल." ती दम घ्यायला थांबली. "आणि तो सार्जंट मलिन्स आहे ना, तो म्हणाला, साहेब, मी जहाजावर नोकरी केलीय, खलाशी ओळखायला मला चेहरा नको, त्याच्या दोराची गाठ पुरे."

याच्या हातातली चाळण खाली पडली. करायला गेलो काय आणि झालं काय! सगळ्यांना लपवायला ओढलेला गोल, आणि बोट एकट्या याच्याकडे.

तो तसाच उठला आणि तंबूच्या दोरांना भिडला. आमच्या तंबूच्या गाठी अशा होत्या, की ओढल्या की घट्ट, सरकवल्या की सैल; वाऱ्यापावसात घळीतले तंबू उडाले तरी आमचा खुंटा हलला नव्हता. त्या एकेक करून सोडायला लागला. सोडायचा आणि तिथं आडमुठी निरगाठ मारायचा, शेतकरी पोत्याच्या तोंडाला मारतो तशी.

"अरे, राहू दे ना," मी म्हटलं. "सकाळच्या वेळी लोक बघतायत."

"तो ओळखेल."

"ॲब्सलम, अंगरखा तरी घाल."

"तो गाठ ओळखेल, टॅमसिन!" त्याचे डोळे नुसते भिरभिरत होते. घामानं बोटं निसटत होती. मी त्याला थांबवलं नाही, मलाही दुसरं सुचलं नाही.

शेवटची गाठ मारून झाली आणि शिपाई आले. त्या दिवशी कुणी "जो" ओरडलंच नाही, कारण ते धावत आले नाहीत. चालत आले. घोड्यांचे लगाम हातात धरून, सावकाश. सार्जंट मलिन्स पुढं. पहिल्या तंबूशी थांबला, खुंट्याशी वाकला, गाठ चिमटीत धरली. पुढच्याशी थांबला. पुन्हा वाकला. तिसऱ्याशी थांबला तेव्हा मला दिसलं, की त्याच्या कपाळाला आठ्या पडल्यात.

आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, घळीतले सगळेच तंबू यानं बांधलेले! मागच्या वादळानंतर ज्याचा त्याचा तंबू आडवा झाला होता, आणि ज्यानं त्यानं येऊन हाक मारली होती, "जेकब, जरा येतोस का रे?" हा गेला होता. ज्यांना वेळ होता त्यांना शिकवलंही होतं. अख्ख्या बैलघळीत एकच गाठ होती.

सार्जंट ऑनोराच्या दाराशी ओरडला, "ही गाठ कुणी मारली?"

"माझ्या नवऱ्यानं."

"कुठं आहे तो?"

"स्वर्गात. जा, विचारून ये."

पलीकडच्याला विचारलं, तो म्हणाला, माझी मीच मारली. त्याच्या पलीकडचा म्हणाला, मी त्याचं बघून मारली. कुणी नाव घेईना. सार्जंट लाल झाला, काठी बुटावर आपटली आणि माघारी फिरला. मी डोळे मिटले. देवा, जाऊ दे त्याला, म्हटलं.

डोळे उघडले तर तो आमच्या तंबूपुढं उभा.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. दोराला जिथं इतके महिने जुनी गाठ होती तिथं पीळ चपटा, पांढरा राहिला होता. बाकीचा दोर धुळीनं तांबडा. सार्जंटनं त्या पांढऱ्या जागेवर अंगठा फिरवला. मग हसला. "शंभर तंबू खलाशानं बांधलेत," तो म्हणाला, "आणि एकच तंबू शेतकऱ्यानं. तोही आज सकाळी." याच्याकडे वळून म्हणाला, "परवाना?"

परवाना अंगरख्यात होता आणि अंगरखा आत. मी धावत आणला, कागद उंच धरून त्याच्या नाकासमोर नाचवला. "हा बघा! शिक्का बघा!"

"अंगावर हवा, बाई," सार्जंट म्हणाला आणि बेड्या काढल्या.

दोघा शिपायांनी याला बखोटीला धरून उचलला. लोक कडेला उभे होते. मी त्यांना शिव्या घातल्या, हलकट, बघता काय म्हणून. काही जण पुढं सरकलेही, पण बंदुका पाहून थांबले. त्यांना मी आता दोष देत नाही, तेव्हा दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला छावणीत सोडलं. तो ओंडक्याला बांधलेला होता, एकटाच. ऊन मरणाचं. ओठ फुटलेले, डोळ्यांवर माशा, आणि हात बांधलेले म्हणून त्या वारताही येत नव्हत्या. मी कणकेत मटण भरून भाजलेली पेस्टी नेली होती, ती त्याला गिळवेना. पाणी पाजलं. पहारेकरी सावलीला गेला तेव्हा तो कुजबुजला.

"साहेब म्हणतो, खलाशी मला नको. तू कुठल्या जहाजाचा, मी विचारणारही नाही. अर्ज कुणी लिहिला, तेवढं नाव सांग, आणि घरी जा. संध्याकाळी छावणीचा झेंडा उतरायच्या आत."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर इथंच. उद्याही. परवाही. सांगेपर्यंत."

मी सरळ सांगते, मला लाज वाटत नाही. मी म्हटलं, "मग सांग. काका आता जगत नाहीत, ॲब्सलम. काल भांडंभर रक्त पडलं. हिवाळा बघणार नाहीत ते. त्यांना कळलं असतं तर स्वतः रांगत आले असते इथं."

"कळू दिलं नाहीस ना?"

"ऑनोरा दारात बसलीय. कुणाला आत सोडत नाही."

"बरं केलं." त्यानं मान खाली घातली. "टॅमसिन, काल रात्री मी पहारेकऱ्याला हाक मारली. दोनदा. सांगून टाकायला."

मी त्याच्या डोळ्यांवरच्या माशा वारल्या.

"त्याला ऐकू गेलं नाही. झोपला होता. आज जागा असेल." त्याला रडू येत होतं, पण डोळ्यांत पाणीच नव्हतं. "मी आज सांगणार गं. मी ओळखतो मला. झेंडा उतरायला लागला की मी सांगणार. मग ते काकांना इथं आणून या साखळीत घालतील, आणि मी घरी बसून भाकरी खाईन."

"मग काय करू मी? सांग काय करू?"

"एक माणूस होता, गेल्या वर्षी. आरमारातून पळालेला. त्यानं खरं नाव सांगितलं तसा त्याला दुसऱ्या दिवशीच्या सोन्याच्या गाडीबरोबर मेलबर्नला धाडला. आरमाराचा माणूस कमिशनरला ठेवता येत नाही. सार्जंटला इनाम मिळतं, तो ठेवू देणारही नाही." तो थांबला. "तू जाऊन माझं नाव सांग. खरं. जहाजाचंही."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. "आणि ती पाठ?"

"नको बोलूस ते."

"तूच का सांगत नाहीस मग? माझ्यावर का घालतोस मेल्या?"

"मी तोंड उघडलं तर कुठलं नाव बाहेर पडेल, याचा मला भरवसा नाही," तो म्हणाला.

पहारेकरी परत आला. मी उठले. साहेबांची लाकडी खोली ओंडक्यापासून हाकेच्या अंतरावर होती. दारात मला थांबवलं, मग आत घेतलं. साहेब जेवून हात पुसत होते, सार्जंट भिंतीशी उभा. टेबलावर आमचा तो कागद पडला होता, आणि त्याच्यावर चहाचा कप ठेवला होता.

"काय बाई, नवऱ्यानं काही सांगितलं?"

"सांगितलंय, साहेब."

"शहाणा आहे. बोल. नाव बोल, आणि घेऊन जा त्याला."

घेऊन जा त्याला. हे तीन शब्द तू कधी अशा वेळी ऐकलेस का? माझ्या तोंडात दोन नावं होती. एक म्हाताऱ्या, खोकणाऱ्या माणसाचं, ज्यानं माझं लग्न लावलं. ते घेतलं असतं तर संध्याकाळी माझा माणूस माझ्या चुलीपाशी बसला असता. मी खिडकीतून बाहेर बघितलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता, माझ्याकडे नाही. ट्रेंबाथ हा शब्द माझ्या जिभेच्या टोकाशी आला होता, मी खोटं का बोलू? ओठही उघडले होते.

"त्याचं नाव जेकब हेल नाही," मी म्हणाले. "ॲब्सलम किट्टो. राणीच्या आरमाराचं पेलोरिन जहाज. जिलाँगच्या बंदरात पळाला."

सार्जंट भिंतीपासून सुटलाच. "साहेब, तो आरमाराचा! उद्याच्या गाडीनं धाडायला हवा, नियम आहे."

"मी हे विचारलं नव्हतं!" साहेब टेबलावर मूठ आपटून म्हणाले. कप सांडला. पण सार्जंट दारातून बाहेर पडून दुसऱ्या शिपायांना ओरडून सांगतही सुटला होता, आणि अख्ख्या छावणीनं ऐकलेलं साहेबांना परत गिळता येईना.

पुढचं थोडक्यात सांगते, लांबवून मला ते पुन्हा जगायचं नाही. फटके मिळाले. किती, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. चौथ्या वर्षी परत आला, एक खांदा वर उचलता येत नसे. मरेपर्यंत तंबू शिवले. काका त्याच आठवड्यात गेले, ऑनोराच्या बिछान्यात, हात तिच्या हातात. त्यांना कशाचा पत्ता लागला नाही. आणि अर्ज? सरकारचं उत्तर आलं तेव्हा काकांच्या कबरीवर गवत उगवलं होतं. अर्ज योग्य नमुन्यात नाही, सबब विचार करता येत नाही. परवान्याचा नियम शेवटी गेला, पण दुसऱ्या खाणीवर गोळ्या चालल्या तेव्हा गेला. आमच्या कागदानं नाही.

पाद्रीबाबा, तुझा चहा गार झाला. एवढंच राहिलंय.

मी खोलीतून बाहेर आले तेव्हा झेंडा अजून वर होता. शिपाई त्याची साखळी ओंडक्यावरून सोडवत होते, त्याला छपराखाली न्यायला, कारण आता तो इनामाचा माल होता. माझ्याकडे बघून तो बोलायला गेला, पण आधी आवाजच निघेना.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"कुठलं?"

एवढं भय मी त्याच्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं, खड्ड्यातून वर यायचा तेव्हाही नाही. आणि खरं सांगते, मी कुठलं नाव सांगितलेलं त्याला हवं होतं, ते मला त्या क्षणी त्याच्याकडे बघून कळेना. त्यालाही कळत नसावं.

"तुझं," मी म्हणाले.

"बरं झालं," तो म्हणाला, आणि त्या उन्हात त्याचे दात वाजायला लागले.